आठ इंजिनिअर, डिझायनर एकही नाही: पुढची नेमणूक कोणाची?

तुमची बडोद्यातली कंपनी दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करते आणि पुढचा माणूस डेव्हलपर घ्यावा की डिझायनर, असा प्रश्न आहे. माझं मत: डिझायनर. पण आधी सपोर्टला येणारे फोन ऐका. 'हिशेब चुकतोय', 'अ‍ॅप बंद पडतं' असे फोन जास्त असतील, तर डेव्हलपरच घ्या. 'बिल रद्द कुठून करायचं?' असे असतील, तर कोड कितीही चांगला असो, उपयोग नाही.

डिझायनर घेतलात की त्याला शेवटी रंग भरायला बसवू नका (बहुतेक ठिकाणी नेमकं हेच होतं). डेटाबेसचा आराखडा, म्हणजे माहिती कोणत्या टेबलांत कशी साठवायची, हे ठरताना तो तिथे हवा. अर्धवट बिल साठवायची सोयच टेबलात नसेल, तर वीज गेल्यावर दुकानदार सगळं पुन्हा टाइप करणार. ते सुंदर बटणाने सुटत नाही. रिकामा स्क्रीन, तुटलेलं नेट, चुकीचा जीएसटी नंबर, अशा वेळी काय दिसावं, हे सगळं डेव्हलपर आणि डिझायनर दोघांनी मिळून ठरवायचं.

डिझाइनचा प्रत्येक निर्णय आकड्यांवर सोडायचा, हे उलट टोकही वाईट. गूगलमधून 2009 मध्ये बाहेर पडताना तिथले डिझायनर डग्लस बोमन यांनी लिहिलं होतं की तिथे कोणती जास्त चालते हे बघायला निळ्याच्या 41 छटांची चाचणी घेतली जात होती. आकड्यांवर एवढी भिस्त तुम्हाला परवडणार नाही, तेवढे ग्राहकच नाहीत. पाच दुकानदारांच्या गल्ल्याशेजारी उभं राहून बघा.

आणि माणूस शोधायला अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) कशाला जायचं? सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये बडोद्यातच काढलेल्या कलाभवनात कला आणि तंत्र एकाच छताखाली शिकवत. आज बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्स आणि टेक्नॉलॉजी दोन्ही आहेत. आधी तिथे विचारा.