लेस्टर हवी असेल तर आधी हाल्सच्या नोंदी उघडा

‘यूडिथ लेस्टर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकर्तीच्या चित्रांची 1893 पूर्वीची एकही नोंद सापडत नाही, प्रबंध अडलाय’ हे तुमचं दुखणं ओळखीचं वाटलं, म्हणून लिहितेय. ती हार्लेमच्या चित्रकार-संघात 1633 मध्ये दाखल झाली वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल.

जुन्या सूच्यांत तिचं नाव शोधणं सोडा, ते सहसा मिळणार नाही. तिचाच समकालीन, जास्त प्रसिद्ध चित्रकार फ्रान्स हाल्स याचं म्हणून विकलेल्या एका चित्रावरून लंडनमध्ये कोर्टकज्जा झाला, आणि 1893 मध्ये कलाइतिहासकार हॉफस्टेडे द ग्रूट यांनी त्यावरची सही तिची असल्याचं दाखवलं. मद्य पिणाऱ्या जोडप्याचं ते चित्र आता लूव्हरमध्ये आहे. म्हणून त्याआधीच्या लिलावसूच्यांत ‘हाल्स’, ‘हाल्सचा अनुयायी’ आणि तिचा चित्रकार नवरा ‘मोलेनार’ अशा तिन्ही नावांखाली शोधा. नवरा 1668 मध्ये वारल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीतही काही चित्रं नुसती ‘मयताच्या पत्नीची’ म्हणून नोंदलेली आहेत.

तिची सही म्हणजे गुंफलेली आद्याक्षरं आणि त्यांना चिकटलेला तारा. गडद पार्श्वभूमीवर पिवळ्या पडलेल्या वार्निशखाली ती दिसत नाही, लहान जेपेगमध्ये तर नाहीच. पण सही दिसली की काम झालं असंही नाही. बाजारभाव वाढवायला सह्या बदलल्या जात.

आता माझा राग. एका संग्रहालयाच्या (नाव घेत नाही) छायाचित्र विभागाला श्रेयबदलाबद्दल (चित्र आधी कुणाचं मानलं जायचं आणि आता कुणाचं) विचारलं, तर महिनोन्‌महिन्यांनी दरपत्रक आलं! हा विभाग फक्त परवाने विकतो. चित्राची फाइल, जुनी श्रेयं, क्ष-किरण अहवाल हे सगळं अभिरक्षकाकडे (क्युरेटरकडे) असतं. त्यांना थेट लिहा. विषयाच्या ओळीत चित्राचं नाव नको, नोंदणी क्रमांक द्या, कारण नावं बदलतात. आणि एका पत्रात एकच प्रश्न.

त्याआधी हेगच्या आरकेडी (RKD) या डच कलाइतिहास संस्थेचा ऑनलाइन प्रतिमासंग्रह बघा. फुकट आहे आणि नाकारलेली श्रेयंही तिथे दिसतात. मालकीची साखळी लावायला अमेरिकेतल्या गेटी संस्थेची प्रॉव्हेनन्स सूची (चित्रांच्या विक्रीच्या आणि मालकीच्या जुन्या नोंदी) वापरा.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं तिचं आत्मचित्रही एकेकाळी हाल्सच्या नावावर होतं. अवरक्त तपासणीत, ईझलवरच्या व्हायोलिनवाल्याच्या जागी आधी एका मुलीचा चेहरा असल्याचं दिसलं. या आत्मचित्राची मोठी प्रतिमा मोफत उतरवता येते. दुसऱ्या संग्रहालयांचे नियम वेगळे असतात, छापण्याआधी तपासा. मी वकील नाही.