बीटचा रंग नक्की कशामुळे सुटतो?

प्रश्न : बीटचे तुकडे वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून किती रंग सुटतो ते पाहायच्या प्रॅक्टिकलमध्ये आमच्या 30 अंशांच्या परीक्षानळीतलं पाणीही गुलाबी झालं. शिवाय ‘60 अंशांना पेशीपटलातली चरबी वितळते’ असं जर्नलमध्ये लिहिलं, तर बाईंनी त्यावर काट मारली. का? (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : काट योग्यच आहे. वितळायला चरबी आधी घट्ट असावी लागते, आणि बीटच्या पटलातली तशी नसतेच. पटल म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिडचा दुहेरी थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं. फॉस्फेटची डोकी पाण्याकडे, मेदाम्लांच्या शेपट्या आत. मेदाच्या थराची जाडी जेमतेम 4-5 नॅनोमीटर. संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) शेपट्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून बसतात. दुहेरी बंध आला की शेपटीला बाक येतो आणि रचना सैल राहते. फरक केवढा पडतो पाहा : फॉस्फॅटिडिलकोलीन या फॉस्फोलिपिडच्या दोन्ही शेपट्या पामिटिक या संपृक्त आम्लाच्या असतील तर त्याचा थर 41 अंशांखाली घट्ट होतो, दोन्ही ओलेइक या असंपृक्त आम्लाच्या असतील तर उणे 17 च्या आसपास. वनस्पतींच्या पटलांत लिनोलेइक, लिनोलेनिक अशी असंपृक्त आम्लं भरपूर, त्यामुळे ती एरवीही प्रवाहीच असतात.

तापवल्यावर प्रवाहीपणा आणखी वाढतो हे खरं. पण 50-60 अंशांच्या सुमारास पटलातल्या प्रथिनांची घडीही मोडू लागते आणि पटल गळतं. रंगद्रव्य असतं रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीत. म्हणजे रिक्तिकेचं पटल आणि पेशीपटल, दोन्ही फुटल्याशिवाय ते भसाभस बाहेर येत नाही. जर्नलमध्ये हे लिहा.

आता 30 अंशांची नळी. कापताना काठावरच्या पेशी फुटतात, त्यांचा रंग तो. तुकडे (5 मिमी जाडीचे, 1 सेंमी लांब, सगळे सारखे) पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि टिपकागदाने टिपा. प्रत्येक नळीत 5 मिली पाणी घ्या, ते आधी त्या-त्या तापमानाला आणा आणि मगच तुकडा टाका. 15 मिनिटांनी तुकडा काढून, नळी हलवून रंग पाहा. कलरीमीटर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) असेल तर हिरवा फिल्टर लावा. 80 च्या पुढे फार वेळ ठेवलं तर रंगद्रव्यच तपकिरी पडतं आणि वाचन उलटं कमी येतं. आलेख चुकला म्हणून खाडाखोड करू नका.

तापमान न वाढवता मेदाच्या थरावर घाला घालायचा असेल तर पाण्याऐवजी 20, 40, 60 टक्के अल्कोहोल वापरून बघा.

प्रश्न : फ्रिजमध्ये केळ्याची साल काळी का पडते? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : इथे गोष्ट उलट्या टोकाची. उष्ण हवेतल्या झाडाची पटलं सुमारे 13 अंशांखाली ताठरू लागतात, गळतात. वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली फिनॉल संयुगं आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि काळा रंग तयार होतो. म्हणून निर्यातीची केळी 13-14 अंशांच्या कंटेनरमध्ये जातात. पिकलेलं केळं फ्रिजमध्ये काळं पडलं तरी आतला गर सहसा चांगला असतो. हिरवं मात्र ठेवू नका, ते नंतर बाहेर काढूनही नीट पिकत नाही.