‘लागलं’ आणि ‘लावून घेतलं’

एका वाचक ताईंचा प्रश्न असा : ‘माझी एक मैत्रीण म्हणते, तू अतिसंवेदनशील आहेस, सगळं मनाला लावून घेतेस. दुसरी म्हणते, तुला न्यूनगंड आहे. हे सगळं एकच का? आणि अतिसंवेदनशीलऐवजी साधं “हळवी” म्हटलं तर चालेल का?’

एकच नाही. आणि ‘हळवी’ चालेलच, धावेलसुद्धा.

आधी ‘अतिसंवेदनशील’चा निकाल लावू, कारण या सगळ्यांत तो सर्वांत निरुपयोगी. नुसता ‘संवेदनशील’ कौतुकाचा आहे, तो आपण कवींना देतो. ‘अति’ लागला की तो थेट निवडणुकीच्या बातमीत जातो. अतिसंवेदनशील मतदान केंद्र म्हणजे जिथे जादा पोलीस बंदोबस्त लागतो ते. मैत्रीण हा शब्द वापरते तेव्हा तिच्याही मनात बंदोबस्तच असावा : हिच्याशी जपून बोलायला लागतं बाई! तुम्हाला नेमकं काय होतं, हे त्या शब्दातून कळत नाही.

‘हळवा’ जुना आणि घरचा. संस्कृत लघु, प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन हलु, त्यातून आपले हळू आणि हळवा. त्याचा जोडीदार गरवा, तो गुरूपासून आला. कोकणात ही जोडी अजून भाताच्या शेतात भेटते. हळवं भात साडेतीन महिन्यांच्या आसपास कापणीला येतं, गरव्याला साडेचार-पाच महिने लागतात, मधलं ते निमगरवं. पाणी लवकर ओसरतं त्या वरकस, हलक्या जमिनीत हळवं लावतात. खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं. कोणताही शेतकरी हळव्याला गरव्यापेक्षा कमअस्सल समजत नाही, फक्त कुठे काय लावायचं ते बघतो. माणसाला हळवं म्हणतानाही मला एवढंच ऐकू येतं : हिच्या मनाला गोष्टी लवकर पोचतात.

आता ‘न्यूनगंड’. यातला गंड म्हणजे सूज, गाठ. गंडमाळ या शब्दातला तोच. कल्पना व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर याची. तो 1911 मध्ये फ्रॉइडपासून वेगळा झाला. त्याच्या मते आपण कमी आहोत ही भावना प्रत्येकाला असते, कारण प्रत्येक जण आयुष्याची सुरुवात मोठ्यांच्या जगात लहान म्हणूनच करतो. ती भावना माणसाला पुढेही ढकलते. ती साकळून बसली, माणूस तिच्या आडोशाने जगू लागला, की गंड. म्हणजे न्यूनभाव सगळ्यांचा आणि न्यूनगंड काहींचा. चहा पिता पिता मैत्रिणीने करायचं हे निदान नव्हे.

रोजच्या बोलण्यात त्यापेक्षा ‘स्वतःला कमी लेखणं’ मला फार बरं वाटतं. लेखणं म्हणजे मोजणं, हिशेबात धरणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 मध्ये आत्मसन्मानाचा असाच हिशेब मांडला होता : मिळालेलं यश भागिले बाळगलेल्या आकांक्षा. त्यामुळे भाजक कमी केला तरी उत्तर वाढतं, हेही त्याने सांगितलं. पुढे अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने तो हिशेबच बंद करायला सांगितला. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, हे त्याचं म्हणणं. किशोर फडके यांनी त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे आणली. मराठीत हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. आपण ‘माझं चुकलं’ म्हणतो तेव्हा चुकलेलं असतं ते ‘माझं’ काहीतरी, नपुंसकलिंगी आणि एकवचनी. ‘मी आहेच मूर्ख’ म्हटलं की अख्खा माणूस नापास.

पण तुमच्या प्रश्नातला खरा ऐवज ‘मनाला लावून घेणं’ हा आहे. मूळ क्रियापद लागणं. ‘तिचं बोलणं मला लागलं’ : इथे कर्ता बोलणं आहे, मी फक्त ते जिथे लागलं ती जागा. लागणंचं प्रयोजक, म्हणजे करवणारं रूप, लावणं, आणि त्याला ‘घेणं’ जोडलं की क्रिया स्वतःकडे वळते, जसं ओढवून घेणं, त्रास करून घेणं. ‘मी लावून घेतलं’ म्हणताच कर्ता मी होते. प्रसंग तोच, जबाबदारी एका घरातून दुसऱ्या घरात. म्हणून ‘लावून घेऊ नकोस गं’ हे वाक्य दिसतं तितकं निरागस नाही. कधी त्यात खरी माया असते, कधी बोलणारी आपल्या बोलण्याची जबाबदारी हळूच तुमच्या पदरात टाकते. तपासायला तिसरा शब्द आहेच : लागट. काही बोलणं मुळातच लागट असतं. ते ऐकून लागलं, तर ऐकणारीला हळवी ठरवण्यात अर्थ नाही.

उलटंही खरं. मैत्रिणीने मेसेज वाचला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. ‘मला टाळतेय.’ इथे लागायला कुणी काही बोललेलंच नाही, फक्त अर्थ लावलेला आहे. (लावणं इथेही आहे बघा.) जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये जवळच्या नात्यांवरच्या अभ्यासात हेच दाखवलं : आपल्याला नाकारतील अशी धास्ती असलेल्या माणसांना संदिग्ध वागण्यातही नकार दिसतो, आणि त्यावरच्या त्यांच्या प्रतिक्रियेने नातं खरोखर बिघडत जातं. त्या धास्तीसाठी माझ्याकडे एकच शब्द नाही आणि तो घडवावा असंही वाटत नाही. ‘टाळतेय’च्या पुढे ‘असं मला वाटतंय’ एवढं जोडलं तरी पुरे. मराठीतलं वाटणं उपयोगी आहे, ते खोटंही ठरू शकतं आणि त्यात कुणाची नाचक्की होत नाही.

म्हणून मैत्रिणीशी बोलताना विशेषणं सोडून क्रियापदं वापरून बघा. ‘तू नेहमीच मला हिणवतेस’ म्हटलं की ती ‘नेहमीच’वर वाद घालणार. ‘जाऊ दे, मीच लावून घेते’ म्हटलं की विषय बंद आणि कुढणं सुरू. ‘काल सगळ्यांसमोर माझ्या नोकरीवरून हसलीस, ते मला लागलं’ यात घटना तिची, लागणं तुमचं, आणि तिला उत्तर द्यायला जागा आहे. ती ‘अगं, गंमत केली’ म्हणेल. म्हणू दे. गंमतही लागते.

रुसण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी ते यात मिसळू नका. रुसायला समोरच्यावर हक्क वाटावा लागतो, आणि कुणीतरी समजूत काढेल याची खात्रीही. स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाला नेमकं तेवढंच जमत नाही. तो न रुसता गप्प होतो आणि भेटायचं कमी करतो. तुमची मैत्रीण तुमच्यावर रुसत असेल, तर हिशेबात तुम्ही बऱ्याच वर आहात.

राहता राहिलं लेखन. ‘अतिसंवेदनशील’ एक शब्द, मध्ये जागा नको. ‘न्यूनगंड’मधला न्यू दीर्घ. हळवेपणा आणि हळवेपण दोन्ही बरोबर. पहिला पुल्लिंगी, दुसरा नपुंसकलिंगी.