हृदयरोग्याने पुढचं कधी आणि कसं ठरवावं?

प्रश्न: माझे वडील 72 वर्षांचे आहेत. हृदयाचं पंपिंग 20 टक्के आहे आणि छातीत शॉक देणारं यंत्र (आयसीडी) बसवलंय. दोन वर्षांत चार वेळा ॲडमिट झाले. ‘पुढचं ठरवून ठेवा’, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत ते ठरवा, असं डॉक्टर म्हणाले, पण बाबा विषय टाळतात आणि आई म्हणते, अशुभ बोलू नका. कसं बोलावं?

उत्तर: बाबांचं टाळणं समजण्यासारखं आहे. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचं पंपिंग असं कमी पडतं तेव्हा, माणूस दम लागून ॲडमिट होतो, चार दिवसांत सूज उतरते आणि तो पुन्हा चालत घरी येतो. त्यामुळे पुढच्या वेळीही असंच होईल, असं सगळ्यांना वाटत राहतं. मात्र प्रत्येक वेळी ताकद थोडी कमी होते आणि कोणत्या खेपेला ते परतणार नाहीत, हे डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही.

आयसीयूच्या दारात हा विषय काढू नका. घरी येऊन दोन-तीन आठवडे झाले, नीट झोप लागायला लागली, की बोला. सुरुवात मरणापासून नको. ‘बाबा, गेल्या वेळी दवाखान्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?’ एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. ‘ती घशातली नळी पुन्हा नको’ असं काही निघालं, तर निम्मं काम झालं. आईलाही त्याच वेळी शेजारी बसवा. परदेशात भाऊ-बहीण असेल तर फोनवर घ्या, कारण ऐन वेळी विमानाने येऊन ‘सगळं करा’ म्हणणारा बहुधा या बोलण्यात नसलेलाच असतो.

बोलणं झालं की बाबांची इच्छा कागदावर उतरवा, पण ‘मला यंत्रांवर ठेवू नका’ एवढंच मोघम लिहू नका. फुप्फुसात पाणी भरल्यावर तोंडावर लावायचा, दाबाने हवा देणारा बायपॅप मास्क कधी कधी काही तासांत माणसाला सावरतो. मोघम वाक्यामुळे तोही नाकारला जाऊ शकतो. ‘मास्क चालेल; नळी घालून व्हेंटिलेटर लावला तर तीन दिवस पाहा, सुधारणा नसेल तर काढा’ असं लिहिलं की डॉक्टरांना दिशा मिळते.

शॉकच्या यंत्राचं तर आजच विचारा. हा मुद्दा फार घरांत राहून जातो. शेवटच्या तासांत ठोके बिघडले की यंत्र आपलं काम करतं आणि जागा असलेल्या माणसाला छातीत लाथ बसल्यासारखा झटका देतं, कधी एकामागून एक. शॉकचा भाग बाहेरून ‘प्रोग्रामर’ नावाच्या उपकरणाने बंद करता येतो. त्याला काही मिनिटं लागतात, चिरा नाही, दुखत नाही. मंद ठोके सांभाळणारा पेसमेकरचा भाग चालूच राहतो, म्हणजे शॉक बंद केल्याने जीव जात नाही. प्रोग्रामर त्या त्या कंपनीचा लागतो, तो तालुक्याला मिळेलच असं नाही; म्हणून यंत्राचं कार्ड हाताशी ठेवा आणि कोणाला बोलवायचं ते आधी ठरवा. अडचणीच्या वेळी यंत्रावर ठेवलेला खास चुंबक बहुतेक यंत्रांचे शॉक, तो तिथे असेपर्यंत, थोपवतो.

प्रश्न: याचा कायदेशीर कागद कसा करायचा?

उत्तर: उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवणाऱ्या या कागदाला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023मध्ये पद्धत सोपी केली. 18 वर्षांवरील, मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्तीने स्वेच्छेने लिहायचं. दोन साक्षीदारांसमोर सही, ते शक्यतो घराबाहेरचे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. मॅजिस्ट्रेटची सही आता लागत नाही. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं घाला. प्रती त्यांना, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला कागद रात्री दोन वाजता उपयोगाचा नाही. एक प्रत औषधांच्या फाईलमध्ये लावा.

प्रश्न: कागद केला म्हणजे उपचार थांबतील का?

उत्तर: नाही. रुग्ण स्वतः बोलू शकतोय तोवर त्याचाच शब्द चालतो. मत बदललं तर कागद लेखी रद्द करता येतो. बरं होण्याची आशा नाही आणि रुग्ण निर्णय घेऊ शकत नाही, अशाच वेळी तो पुढे येतो. तेव्हाही रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळं एकामागून एक तपासतात, प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. त्रास कमी करणारे उपचार मात्र थांबत नाहीत. लघवीवाटे पाणी काढून सूज उतरवणारी गोळी शेवटपर्यंत चालू राहू शकते. दम लागण्याच्या त्रासावर डॉक्टर थोड्या मात्रेत मॉर्फिन देतात; त्याने पोट साफ होत नाही, म्हणून सोबत रेचक पहिल्या दिवसापासून मागून घ्या.