वाफ्याकाठी: वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

काकू, दोन वर्षं यादीत थांबून आम्हाला अर्धा अलॉटमेंट प्लॉट मिळाला. नवरा म्हणतो, आता भाजीचा खर्च संपला. चौघांची भाजी खरंच निघते का? – एक वाचक, रेडिंग

अलॉटमेंट म्हणजे ब्रिटनमध्ये भाजी पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, बहुतेक कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा असतो, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. (रॉड हे इथलं जुनं माप.) आपल्या भाषेत अडीच गुंठे. तुमच्या वाट्याला सव्वा गुंठा आलाय. सव्वा गुंठ्यात घर चालतं असं माझ्या वडिलांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी आधी त्याला चहा पाजला असता आणि मग विषय बदलला असता.

जुलै ते सप्टेंबर तुम्हाला भाजी विकत घ्यावी लागणार नाही. उलट कोर्जेट (झुकिनी) एवढे होतील की शेजाऱ्यांच्या दारात ठेवून बेल वाजवून पळाल. एप्रिलमध्ये मात्र हात रिकामे. लीक (कांद्याच्या जातीची पातीची भाजी), कोबी संपलेले आणि नवीन रोप अजून बोटभर. इथले जुने लोक या दिवसांना ‘हंग्री गॅप’ म्हणतात. तेव्हा नवऱ्याला सांगा, निदान पहिल्या वर्षी हिशेब मांडू नका. माझे पहिल्या वर्षी फावडं, जाळी, फळ्या आणि बियाणं मिळून २३० पौंड गेले आणि घरी आली ती वालाची चार पोती... बरं, पिशव्या.

कांदे-बटाट्यात जागा घालवू नका, ते दुकानात स्वस्त मिळतात. जे महाग किंवा शिळं मिळतं ते लावा. मेथी मेच्या मध्यानंतर पेरा. स्वयंपाकघरातले मेथीदाणे चालतात. कोथिंबीर जूनमध्ये पेरलीत तर लांब दिवसांमुळे ती पानं धरायच्या आत फुलावर जाते. धणे लाटण्याने हलके दाबून दोन फाका करा आणि ऑगस्टमध्ये टाका.

टोमॅटोची नवी पानं नेच्यासारखी अरुंद होऊन आत वळतायत. पाणी, ऊन सगळं ठीक आहे. फक्त या वर्षी घोड्याचं शेणखत घातलं होतं. – एक वाचक, डर्बी

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. २०१९ मध्ये मी एका तबेल्यातून ट्रेलरभर खत आणलं. छान कुजलेलं, काळंभोर, वास अगदी पावसाळ्यातल्या गोठ्याचा. मी खूश. जूनमध्ये टोमॅटोचे शेंडे मूठ आवळल्यासारखे झाले. वालाचा कोंब तर असा पिळला होता की मला वाटलं, कोणीतरी हाताने मुरगळलाय. आधी मी सायटीवरच्या, म्हणजे आमच्या प्लॉटांच्या आवारातल्या, एका आजोबांवर संशय घेतला. देव क्षमा करो.

दोष त्यांचा नव्हता, अमिनोपायरालिडचा होता. कुरणातली काटेरी झुडपं आणि रानपालक मारायला हे तणनाशक फवारतात. गवताला त्याने काही होत नाही. ते गवत घोडा खातो, औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं शेणात उतरतं आणि ढिगात वर्षभर कुजवलं तरी टिकू शकतं. टोमॅटो, बटाटा, वाटाणा, वाल यांना त्याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. २००८ मध्ये इथल्या बागकाम करणाऱ्यांनी एवढी ओरड केली की त्याचा परवाना थांबवला गेला. पुढच्या वर्षी अटी घालून तो परत दिला. खतासोबत माहिती द्यायची असते, पण घोडेवाल्याने चारा विकत आणलेला असेल तर बिचाऱ्यालाच ठाऊक नसतं.

आता करायचं असं: वेडीवाकडी झालेली रोपं कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. वाफ्याची माती पुन्हापुन्हा वरखाली करा, मातीतले जिवाणूच ते औषध हळूहळू मोडतात. त्या वाफ्यात पुढच्या वर्षी मका लावा, तो गवताच्याच कुळातला, त्याला त्रास होत नाही. आणि यापुढे कोणतंही खत आलं की तीन कुंड्यांत खत मिसळलेली माती, तीन कुंड्यांत नुसती माती घ्या आणि सहांत ब्रॉड बीन्स (बाकला) पेरा. चार आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. मी आता ही परीक्षा झाल्याशिवाय ट्रेलर रिकामा करू देत नाही. तबेल्यात मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकेसमोर रांगा लागतात. या लोकांनी घरामागे चार भाज्या लावल्या तर? युद्धात सगळ्यांनी लावल्याच ना! – एक ज्येष्ठ वाचक, हॅरो

दादा, युद्धात लावल्या हे खरं. १९३९ च्या शरद ऋतूत ‘डिग फॉर व्हिक्टरी’ हे घरोघरी भाजी पिकवा म्हणणारं सरकारी आवाहन सुरू झालं आणि अलॉटमेंट्सची संख्या १४ लाखांवर गेली. पण सोबत जानेवारी १९४० पासून रेशन कार्डही आलं आणि ते १९५४ पर्यंत चाललं. नुसतं कुदळ हातात देऊन सरकार मोकळं झालं नव्हतं. हा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो.

मी शनिवारी जास्तीची भाजी फूड बँकेत नेऊन देते. पहिल्यांदा टोपलीभर कोर्जेट नेले तेव्हा तिथल्या बाईंनी घेतले, आभार मानले आणि मग हळूच म्हणाल्या, “पुढच्या वेळी कच्चं खाता येईल असं काही आणाल का? काहींना गॅस-विजेचं परवडत नाही, फक्त किटली चालवतात.” तेव्हापासून मी काकडी, चेरी टोमॅटो आणि वाटाण्याच्या शेंगा नेते. दोन पाळ्या करणारी, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी बाई वाफा कुठे काढणार? आणि प्लॉटसाठी वर्षानुवर्षं यादीत थांबेपर्यंत पोरांनी काय खायचं?

फेब्रुवारी २०२३ आठवतो? स्पेन आणि मोरोक्कोत हवा बिघडली, इथल्या उत्पादकांनी विजेच्या दरामुळे काचघरं रिकामी ठेवली आणि काही सुपरमार्केटांत माणशी टोमॅटोची तीन पाकिटं असा नियम लागला. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री थेरीज कॉफी यांनी संसदेत हंगामातलं खा म्हणताना सलगमाचं नाव काढलं आणि देशभर हसू झालं. मला मात्र त्यात तथ्य वाटलं होतं, फेब्रुवारीत इथे टोमॅटो हा हट्टच आहे. पण पुढच्याच महिन्यात खाण्यापिण्याची महागाई १९ टक्क्यांवर गेली, तिला सलगमाचा काय उपयोग? ताज्या भाजीत हा देश जेमतेम निम्मा स्वावलंबी आहे, फळांत तर १६ टक्के. तो खड्डा माझ्या अडीच गुंठ्यांनी भरणार नाही.

अलॉटमेंट विकून घरं बांधावीत का? आमच्याकडे जेवताना यावरून भांडण होतं. – एक वाचक, ब्रिस्टल

२०२५ च्या उन्हाळ्यात आठ जागा विकायला मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्याही घरी झालं. माझ्या मुलाला घर मिळत नाहीये, त्यामुळे मी सरळ ‘नको’ म्हणू शकत नाही. कायदा काय म्हणतो ते तेवढं सांगते. १९२५ च्या कायद्यानुसार कौन्सिलला मंत्र्यांच्या संमतीशिवाय वैधानिक अलॉटमेंट, म्हणजे अलॉटमेंटसाठीच घेतलेली जागा, विकता येत नाही. पण ‘तात्पुरती’ म्हणून नोंदलेली जागा या संरक्षणात बसत नाही. म्हणून भांडायच्या आधी आपली सायट कुठल्या प्रकारची आहे ते कौन्सिलला लेखी विचारा. आमच्या सायटीवर निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

माझं मत विचाराल तर, आधी वाहनतळ आणि बंद पडलेली दुकानं पाहावीत. माझ्या प्लॉटमध्ये कोपरभर खणलं तरी माती काळीच लागते. त्यात कोळशाची राख, चिनी मातीच्या कपांचे तुकडे, एकदा चिखलमातीच्या चिलमीची नळी. माझ्या आधीच्या किती जणांनी तिच्यात काय काय ओतलंय. नवी सायट देऊ म्हणतात तिथे बहुतेक पिवळी, चिकट माती असते, तिच्यात पहिली दहा वर्षं गाजर सरळ येत नाही.

काकू, अळू लावू का? – एक वाचक, लीड्स

कुंडीत, घरात, खिडकीशी. प्लॉटवर नको. मी तीनदा मारलाय.