आधी ते परतीचं तिकीट रद्द करा

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंग, वय 24. चर्चच्या मिशनतर्फे चार महिन्यांपूर्वी टांझानियात म्वान्झाला गेली. अजून तिला वॉर्डात काम दिलेलं नाही, नुसती स्वाहिली शिकवतात. फोनवर रडते. मी सकाळी, दुपारी आणि रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल करतो, तिची आई बाजूला बसून नुसती ऐकते, तरी मुलगी खुलत नाही. पुढच्या महिन्याचं परतीचं तिकीट काढलंय, तिला अजून सांगितलेलं नाही. आल्यावर तिने नॉरसेट (एम्समधल्या नर्सभरतीची परीक्षा) द्यावी की कॅनडाची तयारी करावी?
— एक वडील (इंदूर ख्रिश्चन कॉलेजचा माजी विद्यार्थी), इंदूर

उत्तर : तिकिटाचं वाचलं आणि परीक्षांचा प्रश्न मागेच पडला. शिकलेल्या, कमावत्या वयाच्या मुलीच्या परतीची तारीख तुम्ही ठरवून टाकलीत आणि ते तिलाच ठाऊक नाही. ती रडते असं तुम्ही लिहिलंय, पण ‘मला परत यायचंय’ असं ती म्हणाल्याचं पत्रात कुठेच नाही. एकदा तरी विचारलंत का तिला?

तुमची काळजी खरी आहे. पण दिवसातून तीन कॉल हे फार होतं. तुमच्या साडेआठला तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. बरोबरच्या मुली उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) शिजवत, गप्पा मारत बसलेल्या असतात, आणि नेमकी त्याच वेळी ही खोलीचं दार लावून ‘जेवलीस का, झोपलीस का’ची उत्तरं देत बसते. मग तिची तिथे ओळख व्हायची कधी? परक्या देशात पहिल्या काही महिन्यांत असं होतंच. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने मिशनरींच्या वाचनातल्या एका नियतकालिकात 1960 साली हे सविस्तर लिहून ठेवलंय : आधी नवलाई, मग चिडचिड आणि घरची ओढ, आणि त्यानंतर हळूहळू रुळणं. तुमची मुलगी यातल्या दुसऱ्या टप्प्यावर दिसते. नेमकं इथून तिला उचलून आणलंत, तर ‘मला जमलं नाही’ हे तिच्या मनात कायमचं राहील.

‘काम नाही, नुसती भाषा’ हा तुमचा समज मात्र मला मुळातूनच खोडायचाय. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. गावाकडून आलेल्या आजीने ‘गोळी दुसऱ्या तासाला घेतली’ असं सांगितलं आणि नव्या नर्सने केस पेपरवर ‘दोन वाजता’ लिहिलं, तर पुढच्या डोसची वेळ सहा तासांनी चुकते. हे ज्यांना कळतं ते नव्या माणसाला सरळ वॉर्डात सोडत नाहीत, आणि भारतातल्या नोंदणीवर तिथे नर्सिंग करताही येत नाही, तिथल्या कौन्सिलची वेगळी नोंदणी लागते. तुम्ही स्वतः आपल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलात, असं पत्रात आहे. ते 1887 साली काढणारे कॅनडाचे मिशनरीही इथली भाषा आधी शिकलेच होते. म्हणजे हे चार महिने ती कामच करतेय.

चौकशी करायचीच तर मिशनच्या ऑफिसात करा. मिशनरींसाठीचा क्लास सी निवास परवाना झाला का? आरोग्य विमा आहे का, मलेरिया झाला तर कुठे दाखवायचं, नेमणूक किती वर्षांची, रजा कधी, आणि मन मोकळं करायला वयाने मोठी एखादी बाई जवळपास आहे का? हे सगळं लेखी मागा, तो तुमचा हक्कच आहे. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, खोलीबाहेर पडणंच बंद झालं असं महिनाभर चाललं आणि ती स्वतः ‘येते’ म्हणाली, तर एक अक्षर न बोलता घरी आणा.

नॉरसेटला वयाची अट तीसपर्यंत आहे, कॅनडा कुठे पळून जात नाही. इथल्या नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करून ठेवा, तेवढं पुरे.

तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडू द्या. काढलं होतं हे तिला सांगा, लपवू नका. यापुढे आठवड्यातून एक कॉल, तोही तिच्या सोयीच्या वेळी. आणि ‘तिची आई बाजूला बसून नुसती ऐकते’ असं तुम्ही लिहिलंय. पुढचा कॉल वहिनींना एकटीला करू द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा.