रॉकी माउंटनमध्ये ट्रेकला पाइनखाली सगळीकडे पिवळी फुलं दिसली, कोणती असतील?

हार्टलीफ आर्निका वाटतंय. खात्री करायची तर पानं बघा, खालची पानं पत्त्यातल्या बदामासारखी, कडेला दाते आणि देठावर समोरासमोर जोडीने. सूर्यफुलाच्याच खानदानातलं, पण उंची जेमतेम वीत-दीड वीत. जमिनीखाली याचं आडवं खोड पसरत जातं म्हणून विरळ जंगलात असा गालिचा दिसतो, आणि वणव्यात वरचं सगळं जळालं तरी त्याच खोडातून परत फुटतं, भारी चिवट प्रकार आहे. आपल्याकडे मुका मार लागला की होमिओपॅथीच्या गोळ्या घेतात ना, त्या आर्निकाचा हा चुलतभाऊ, ते मूळ युरोपातलं आर्निका मोंटाना. आणि हो, पान-बिन चावून बघू नका, विषारी असतं.